पंखेवाल्याचं दार

आमच्या चर्चच्या कमिटीला मनातल्या मनात शिव्या घातल्याशिवाय हल्ली माझे डोळे प्रार्थनेला मिटत नाहीत. देव मला माफ करो, नाही केलं तरी हरकत नाही. या लोकांनी चर्चचं बाजूचं दार विटांनी बुजवलं आणि वरून तोंड वर करून सांगतात, तुमच्याच मानासाठी बुजवलं.

गोंदियात रेल्वे लाइनीपलीकडे, वस्ती संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं हे चर्च आहे. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी आपल्यापुरतं बांधलेलं. चुन्यातल्या जाड भिंती, उंच निमुळत्या कमानींच्या खिडक्या, सागाच्या कैच्यांवर कवेलूंचं छप्पर. जमीन उताराची, म्हणून समोरून शिरायला उंच पायऱ्या चढाव्या लागतात. बाजूचं दार मात्र जमिनीला लागून. साहेब आणि मेमसाहेब समोरून यायचे. बाजूचं दार आया, खानसामे आणि पंखेवाल्यासाठी. त्या दारावर भिंतीत एक भोक होतं. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी त्यातून बाहेर यायची, आणि माझ्या मायचा आजा उंबऱ्याबाहेर बसून ती ओढायचा. आत बसायची त्याला परवानगी नव्हती. उपासना त्यानं जन्मभर बाहेरूनच ऐकली.

साहेब गेले, चर्च आमचं झालं. पण आमच्या बायकांनी बाजूचं दार सोडलं नाही. रोवणीच्या दिवसांत त्या बांधीतून थेट यायच्या, दाराशी ठेवलेल्या रांजणातल्या पाण्यानं चिखलाचे पाय धुवायच्या आणि आत. मायही तशीच यायची, मला कडेवर घेऊन. समोरून यायला आता कोणाची मनाई नव्हती. पण ज्या उंबऱ्याबाहेर आजा बसला तोच ओलांडून आत जायचं, हा तिचा हट्ट होता. मला त्या हट्टाचा भारी अभिमान वाटायचा.

मग कमिटीच्या डोक्यात रिनोव्हेशनचं भूत शिरलं. सागाच्या कैच्या पीओपीच्या छतामागे गडप. पायऱ्यांवर ग्रॅनाइट, इतकं गुळगुळीत की धडधाकट माणसाचाही पाय सटकावा. कठडा नाही, का तर म्हणे त्यानं लुक बिघडतो. बाजूच्या दारावर गिलावा, वर पांढरा रंग, दोरीचं भोकही लिंपलेलं. मी भांडायला गेले तर सेक्रेटरी मलाच शिकवायला लागला, "ताई, वो गुलामी का दरवाजा था. कलंक होता तो आपल्यावर. आता सगळे बराबर, सगळे समोरून."

काय गोड बोलला! बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. बराबर म्हणे! अरे, तुझे गुडघे आणि माझ्या मायचे गुडघे तरी बराबर आहेत का?

नव्या चर्चच्या पहिल्याच रविवारी चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. लुगडं वर सरकत होतं, ते ती एका हातानं खाली ओढत होती, दुसऱ्यानं खुर्ची गच्च धरलेली. सगळी मंडळी बघत होती. एकानं मोबाइल काढला, तो मी हिसकावलाच. माय अख्खी उपासना मान खाली घालून बसली.

पुढच्या रविवारी खुर्ची समोर आली तशी ती म्हणाली, "नाई. मी का वरातीतली नवरी आहो?" आणि भिंतीला धरत धरत बाजूला गेली. दार बुजवलं तरी त्याचा दगडी उंबरा भिंतीबाहेर राहिलाय. माय त्याच्यावर टेकली, मी तिच्याजवळ. आत गाणं सुरू झालं. एसीसाठी खिडक्यांना काचा ठोकल्यात, त्यामुळे बाहेर नुसती गुणगुण ऐकू येते.

उपासना संपल्यावर सेक्रेटरी धावत आला. "माताजी, इथं काऊन बसून राहिल्या? लोक काय म्हणतील?"

मेल्याला लोकांचीच चिंता! मी तोंड उघडणार तोच मायनं माझा हात दाबला.

"बाबू," ती म्हणाली, "माहा आजा इथंच बसे. भाईर. मंग या दारातून मी आत गेली, माही पोरगी आत गेली. अपमान आमचा होता, आमी तो ओलांडला. तू कोण होय बुजवणारा? आता पाह्य, तू मले आज्याच्या जागी आणून बसवलं."

सेक्रेटरी रुमालानं मान पुसत राहिला. मी म्हटलं, "माय, मी पहार आणते. मीच फोडते."

"तू कायले? ज्यानं बुजवलं त्यालेच फोडू दे. आजा जन्मभर बसला, मी पण बसीन."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी तिथंच बसतो. नव्या चर्चचा फोटो काढायला कोणी आलं की सेक्रेटरी आम्हाला जरा सरकायला सांगतो, लुक बिघडतो म्हणून. आम्ही सरकत नाही.