लव्हाळीतली फट

मचाणावरच्या बाईंना सगळे हळूबाई म्हणत. खाडीकाठच्या राखीव दलदलीत पक्षी बघायला येणाऱ्यांना त्या जिन्यातच कुजबुजून दटावायच्या, "हळू चढा! पक्षी काय बहिरे आहेत?" ही कुजबुज पुढे घरीही सुटली नाही. वेल्डिंगच्या दुकानात कान गमावून बसलेला नवरा ओरडायचा, "अगं, मीठ मागतेयस की गुपित सांगतेयस?"

मचाणाच्या भिंतीत बघण्यापुरती एक आडवी फट होती. समोर पुरुषभर उंच लव्हाळी आणि तिच्या पोटात चमच्यांचं घरटं. चमचे म्हणजे पसरट चोचीचे, पांढरेशुभ्र, लांब पायांचे पक्षी. एके काळी त्यांचे थवे उतरायचे. यंदा एकच जोडी उरली होती आणि तिची दोन पिल्लं. घरटं बघायची रीत ठरलेली होती. दुर्बीण रोखून बसायचं आणि वाऱ्याने लव्हाळी वाकली की तेवढ्यात बघून घ्यायचं.

पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांना ही रीत काही मानवली नाही. दलदल बुजवून तिथे गोदामं व्हायची होती, पण घरट्यात पिल्लं असली तर काम थांबवायचं, असा नियम होता. ती आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहायलाच साहेब आले होते.

"दिसलं?"

"गवत दिसलं."

"थांबा ना जरा. वारा येऊ दे."

"बाई, मी वाऱ्याच्या मागे लागलो तर माझी नोकरी वाऱ्यावर जाईल! सोमवारी परत येतो. तेव्हाही नाही दिसलं, तर मी 'नाही' लिहून मोकळा."

संध्याकाळी जेवताना हळूबाईंनी विषय काढला. "समोरची लव्हाळी जराशी कापली तर?"

"तूच ना ती, काडी हलवू द्यायची नाहीस कुणाला?"

"अहो, पण त्यांना दिसलंच नाही तर उरणार काय? जराशीच. दार किलकिलं करावं तेवढी."

"साहेबाला चमचे दाखवायला एवढी उस्तवार! त्याच्या कचेरीत काय कमी आहेत?"

हळूबाई खुदकन हसल्या. त्या हसण्यातच त्यांचा निर्णय झाला.

रविवारी ओहोटीला त्या विळा घेऊन गुडघाभर चिखलात उतरल्या. घरट्यापासून लांब राहून कापत गेल्या. मग मचाणावर चढून दुर्बीण लावली, आणि वारा नसताना पिल्लं दिसली! चिखलाने बरबटलेल्या हातांनी तोंड दाबून त्या बघत राहिल्या. आई चोचीने पिल्लांची कापसासारखी पिसं सारखी करत होती.

त्यांना जे दिसत होतं, ते आता कावळ्यांनाही दिसत होतं.

दोन कावळे आले. आईने पंख पसरून पिल्लं झाकली. बाप चोच वाजवत आडवा आला. दोघं निभावून नेत होती, पण हळूबाईंना धीर निघाला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मचाणावरून गळा फाडून ओरडल्या, "हाऽऽड! हाड रे मेल्यांनो!"

माणसांच्या ओरड्याला सरावलेले कावळे हलले नाहीत. उडाले ते चमचे.

त्या चिखल तुडवत पोहोचल्या, तोवर घरट्यात थोडी पिसं उरली होती. जोडीने वर दोन घिरट्या घातल्या आणि ती समुद्राकडे निघून गेली.

सोमवारी साहेब मोजणीवाल्याला बरोबर घेऊनच आले. दुर्बीण लावून म्हणाले, "वा! आज कसं स्वच्छ दिसतंय."

साहेबांनी दुर्बीण घरट्यावर रोखली.

"घरटं आहे. पण रिकामं आहे, बाई."

"होती. काल होती."

"असतील हो. पण मी आजचं लिहिणार ना?" साहेब दुर्बीण परत देत म्हणाले, "गवत कुणी कापलं?"

"मी."

"बरं झालं. मोजणीला सरळ रेघ मिळाली."

मोजणीवाला लव्हाळीतल्या फटीतून आत शिरला. चिखलात फसत, शिव्या घालत त्याने मागे वळून हाक मारली, "मावशी, तेवढं टेपचं टोक धरता का?"

हळूबाई जिना उतरल्या आणि त्यांनी टोक धरलं.

"घट्ट धरा हं!" तो घरट्यापाशी पोहोचून ओरडला.

त्यांनी घट्ट धरलं.