रत्नाची अर्धी चित्रं

रत्ना गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी दहावीचे पेपर तपासत बसले होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, गोविंदचा होता. "सुधाताई, अक्का गेली... चहा मांडला अन् तिथंच बसली," एवढंच तो बोलला. आधी माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. आता हा अबोला कायमचाच राहणार, हे आलं. संक्रांतीला सगळं जग गोड बोला म्हणतं, आम्ही दोघींनी नेमकं तेव्हाच बोलणं सोडलं होतं. चूक माझी होती.

आमची ओळख नांदेडच्या वसतिगृहातली. ती चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करत होती, मी बी.एड. तिच्या कोळशानं माझ्या चादरी काळ्या व्हायच्या. मी कटकट केली की म्हणायची, "धुऊन टाक की. तुला बी काहीतरी काम पायजे ना!" पुढं ती अहमदपूरच्या शाळेत लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, चित्रं काढत राहिली. चित्रं म्हणजे बोचकी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, बांधकामावर निघालेली माणसं एसटी स्टँडवर बसलेली असत. ही तिथं मोठा कागद अंथरायची, त्यांचं बोचकं त्यावर ठेवून घ्यायची आणि कोळशानं त्याची कड गिरवायची. नाव आणि आत काय आहे ते विचारून बाजूला लिहायची... तवा, दोन लुगडी, खोकल्याची बाटली. हंगाम संपवून परत आलात की हेच बोचकं घेऊन माझ्या घरी या, असं बजावायची. आले की त्याच कागदावर लाल खडूनं दुसरी कड. तोवर चित्र अर्धं. कितीतरी जण आलेच नाहीत. त्यांच्या गुंडाळ्या तिच्या कपाटावर धूळ खात पडल्या होत्या.

त्या माणसांच्या मागं जायचं, हेच तिच्या डोक्यात होतं. हैदराबाद, सांगली, जिथं असतील तिथं कागद घेऊन. त्यासाठी बिनपगारी रजा आणि कुणाचा तरी निधी हवा होता. स्थलांतरावर काम करणाऱ्या चित्रकारांसाठी निधी निघतात, प्रदर्शनं भरतात, पण अर्ज सगळे इंग्रजीत. ते खातं माझं. 'तुमची संकल्पना पाचशे शब्दांत' असं वाचून दाखवलं की ती हसायची. "पाचशे शब्द लिवता आले असते तर बोचकी कशाला गिरवली असती?" दरवर्षी नकार यायचा. तोही मीच वाचून दाखवायची.

यंदा मात्र मुंबईच्या एका कलादालनानं पहिल्या फेरीतून तिला निवडलं आणि सहा पूर्ण चित्रांचे फोटो मागितले. निवड झाली तर प्रदर्शन आणि वर्षभराचा निधी. फोटो काढायला तिनं गुंडाळ्या माझ्याकडं पाठवल्या, त्यात पूर्ण तीनच निघाली. "तीनच हायेत तर तीनच धाड," ती म्हणाली. शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी मुलांच्या अपुऱ्या वह्या आम्ही बायाच पुऱ्या करून टाकतो, कुणाला त्यात काही वाटत नाही. त्याच हातानं मी लाल खडू घेतला आणि उरलेल्या तीन कागदांवर कड मारून टाकली. काळ्या रेघेच्या चांगली बाहेरून. गेलेल्यांनी येताना थोडं जास्तच आणावं, असं मला वाटलं.

निवड झाली! संक्रांतीला मी पेढे आणि गुंडाळ्या घेऊन अहमदपूरला गेले. तिनं गुंडाळ्या उघडल्या, एकेक नाव वाचलं.

"हे लोक आले?"

"अगं, फोटोपुरतं..."

"आले का, सुधा?"

तिनं माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत नाव मागं घेतलं. मला हाकललं नाही, चहा केला. जाताना फक्त म्हणाली, "तू तर त्यांला घरी आणून सोडलंस गं." त्यानंतर मी रोज फोन उचलायचे, आणि पेपर संपले की लावू म्हणून ठेवायचे.

ती गेल्यावर महिनाभरानं गोविंद आणि मी तिची खोली आवरत होतो. दारात एक बाई उभी राहिली, डोक्यावर बोचकं. नाव चंद्रकला सांगितलं. "बाई हायेत का? हंगाम सरला. रेघ मारून घ्याया आलाव." गोविंदनं सांगितलं तेव्हा ती उंबऱ्यातच बसली, पदर तोंडाला लावून. मग म्हणाली, "आमचा कागद तरी बघू द्या."

गोविंदनं नाव वाचत वाचत कागद काढला. मी लाल कड मारलेल्या तीन कागदांतला तो एक होता. मला तो हिसकावून घ्यावासा वाटला, पण गोविंदनं फरशीवर पसरला. चंद्रकलानं सवयीनं बोचकं त्यावर ठेवलं. ते काळ्या रेघेच्याही आतच राहिलं. तिनं माझ्या लाल रेघेवरून एकदा बोट फिरवलं.

"हे कुनी मारलं वो, बाई?" ती म्हणाली. "एवढं आमी कुठून आनावं?"