कडू अळंबी आणि आमचे घरमालक चाचा

किनवट तालुक्यात आमच्या घरमालक चाचांइतका संशयी माणूस झाला नाही आणि पुढे होईलसं दिसत नाही. दूध ते आधी बोटावर घेऊन उन्हात धरत. कलिंगड कानाशी लावून इतका वेळ ऐकत, की विकणारा विचारी, "चाचा, कुनाचा फोन हाय?" जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, डोळ्याला लावायचं भिंग दुकान बंद झाल्यावरही खिशातच. पण त्यांचा खास संशय राखून ठेवलेला असे तो जंगलातल्या अळंबीसाठी. भादव्यात टोपली भरून आणायची आणि ओट्यावर पेपर पसरून एकेकीची उलटतपासणी घ्यायची.

मी चाकूरकडचा, तुरी-सोयाबीनच्या रानातला. मला सगळ्या छत्र्या सारख्याच. "मास्तर, टोपी बघून फसू नका," चाचा सांगत. "उलटी करा. पोटात स्पंजावानी भोकं हायत? भोकं गुलाबी व्हायलीत? दांड्यावर काळपट जाळी हाय? मग ही कडू. हिच्या खायच्या बहिणीची जाळी पांढरी. पर कवळेपणी दोघी जुळ्या दिसत्यात!" मग नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून ते थुंकत, चूळ भरत. "एक कडू पडली की अख्खं पातेलं गेलं." मी हात पुढे केला की चापट बसे. "आन् पोटात वहीच्या पानांवानी पापुद्रे असले, तर मी बी चाखत न्हाई. घरातच आणत न्हाई."

दोन पावसाळे ऐकून मला वाटलं, आलं आपल्याला. चाचा लेकीकडे उदगीरला गेले होते, तेव्हा मी एकटाच जाऊन पिशवीभर अळंबी आणली. बायकोनं लसूण-तिखटावर परतली. पहिल्याच घासाला मी थुंकलो, कडूजहर! बायकोनं मात्र दोन घास गिळले. "तुम्ही एवढ्या हौसेनं आणली," ती म्हणाली.

तेवढ्यात चाचा हातात पिशवी घेऊन दारात. बायको हसत म्हणाली, "या चाचा, मास्तरांचा पराक्रम बघा." चाचा हसले नाहीत.

"देठं-सालं कुठं टाकली?"

कचऱ्याचा डबा त्यांनी पेपरवर उपडा केला आणि भिंग लावलं. "ही कडू. ही बी कडू. ही चांगली." मला हायसं वाटलं. "म्हणजे नुसतीच कडू ना चाचा? विषारी नाही?" त्यांनी हातानंच गप्प केलं. तळाशी अर्धी टोपी निघाली. त्यांनी ती उलटी केली. खाली पांढरे, पातळ पापुद्रे होते.

"ही कुठली?"

"तिथंच, त्याच झाडाखाली होती..." मी म्हणालो.

"बेटी, किती घास पोटात गेले?"

"दोनच. पण मला काही होत नाही चाचा."

"हे जहर उशिरा बोलतंय. ऊठ. चप्पल घाल."

ते तुकडे त्यांनी एका रिकाम्या डबीत घेतले. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना वाटलं, म्हातारा उगीच घाबरलाय. "बाई तर ठणठणीत आहेत," ते म्हणाले. चाचा जागचे हलेनात. "साहेब, संध्याकाळपतोर ठेवून घ्या. काई झालं न्हाई तर मला येडा म्हना." दिवेलागणीला तिला उलट्या सुरू झाल्या. त्याच डॉक्टरांनी धावपळ करून आम्हांला नांदेडला पाठवलं.

सहा दिवस यकृताच्या तपासण्या झाल्या. चाचा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच जास्त लागलं. सातव्या दिवशी नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "कडू होती म्हणून दोनच घासांवर थांबल्या. आणि वेळेत आणलंत." ते ऐकल्यावर चाचा उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ नाक पुसत राहिले.

आता त्यांच्या डोळ्यांपुढं धुकं असतं. ऑपरेशन करून घ्या म्हटलं, तर त्यांचा डॉक्टरवरही संशय! यंदा भादव्यात मीच त्यांना हाताला धरून सागाखाली नेलं. एक टपोरी अळंबी मिळाली. त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मास्तर, जाळी काळी का पांढरी?" मी पुष्कळ निरखलं. "पांढरी वाटते, चाचा."

"वाटती?"

मी ती झाडाच्या बुंध्याशी ठेवून दिली. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. बायकोनं पिठलं केलं होतं. चाचा दोन भाकरी जेवले.