महापूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं म्हटलं की वाटतं, पत्त्यांचा तर खेळ होता! मग दरवेळी मी विषय का बदलतो?

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही इंदिरानगरला राहायचो. मी कॉलेजात, धाकटी बहीण वर्षा बारावीला. माझा मित्र हेमंत मखमलाबादहून सायकलवर यायचा; त्यांचा गुलाबाचा मळा होता. त्याच्या मामाने परदेशातून जादूगार, राक्षस, ड्रॅगन यांची कार्डं आणली आणि आम्ही येडे झालो. चौघांनी बसायचं, प्रत्येकाने आपला डेक, म्हणजे निवडक कार्डांचा गठ्ठा, रचून आणायचा, शेवटी उरेल तो जिंकला. चौथा नीलेश, वर्षाच्या क्लासमधला.

चौघांच्या डावात जो जोरात दिसतो, त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात. मी आल्या आल्या ड्रॅगन सोडायचो — आणि सगळ्यांत आधी बाद व्हायचो. दरवेळी.

कॉलेज रोडच्या एका दुकानात आम्हा चौघांची मॅच ठरली. जिंकणारा मुंबईच्या फायनलला जाणार होता. हेमंतने गच्चीवर आम्हा दोघा भावंडांना आपला नवा डेक दाखवला.

"अर्धा डाव मी मेल्यासारखा पडून राहणार. नुसत्या बचावाच्या भिंती. माझ्याकडे कोण बघतंय? मग हे महापुराचं कार्ड टाकायचं. तिघांचंही सैन्य एका फटक्यात वाहून जाईल."

"आणि कुणी आधीच मारलं तर?" वर्षाने विचारलं.

"तर मी संपलो. म्हणून तर फक्त तुम्हाला सांगतोय."

तो हे तिच्याकडे बघून म्हणाला. ते दोघं एकमेकांना आवडत होते. मला ते माहीत होतं का? — होतं.

आदल्या संध्याकाळी मी नीलेशला गाठलं. हेमंतला उभाच राहू देऊ नकोस, म्हटलं. महापुराचंही सांगितलं. मला एकदा, फक्त एकदा जिंकायचं होतं.

नीलेश पहिल्या खेळीपासून हेमंतच्या भिंतींवर तुटून पडला. हेमंत गेला, महापूर हातातच राहिला. मग मी गेलो, मग वर्षा. जिंकला नीलेश.

"तुला कुणी सांगितलं?" हेमंतने त्याला विचारलं.

"तुझ्याच खास माणसाने," नीलेश हसत म्हणाला आणि बक्षीस घ्यायला काउंटरकडे गेला.

हेमंतने वर्षाकडे पाहिलं.

"मी नाही," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळली. तिला कळलं होतं — तिने सांगितलं नव्हतं, म्हणजे दुसरं कोण उरतं? तरी मी बोलावं म्हणून थांबली.

मी काय म्हणालो, सांगू?

"वर्षा, अगं निदान खरं तरी बोल."

हेमंत सायकल काढून निघून गेला. पुन्हा आमच्या घरी आला नाही. वर्षाने फोन लावला, त्याने ठेवून दिला. मी त्याच खोलीत होतो. मला मात्र तो बाहेर भेटायचा. एकदा त्याने खाली मान घालून विचारलं, "तिला नीलेश आवडतो का रे?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. नाही म्हणायला किती लागतं? एक शब्द. तोही माझ्याकडून निघाला नाही.

वर्षाने घरात याबद्दल कधी माझं नाव सांगितलं नाही. दिंडोरीला तिचं लग्न झालं. भाऊबीजेला ओवाळते, ओवाळताना माझ्या तोंडाकडे बघत नाही.

पुढे हेमंतच्या लग्नाला मी एकटाच गेलो. गर्दीत मला पाहून तो स्टेजवरून खाली आला, मला मिठी मारली. "सगळे बदलले यार," म्हणाला, "तू तेवढा कधी फसवलं नाहीस मला."

मी त्याच्या पाठीवर थोपटलं. मग पंगतीत जाऊन पोटभर जेवलो.