अळणी ताट

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. हे मी आजही छाती काढून सांगतो. धुळ्याला बी.एस्सी. झालो, तिथंच नोकरीला लागलो आणि दर शनिवारी शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी यायचो. एका हिवाळ्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कुत्रा वाळत चालला. सारखं पाणी प्यायचा. तोंडाला उग्र वास.

"म्हातारा व्हयना तो," आबा म्हणाले.

मी त्याला गाडीत घालून तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं थकलीत. आता औषधापेक्षा खाणं सांभाळा. मीठ, डाळ, हाडं बंद. मऊ भात, उकडलेला दुधी, अंड्याचा पांढरा भाग."

मागं म्हैस धरून उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "मना सासराले बी असंच लिखी द्या, डॉक्टरसाहेब!"

घरी माय हसली. "पोऱ्या शिकना, आते कुत्रा बी शिकी." पण तिनं वेगळं पातेलं काढलं आणि भात-दुधी शिजवला. अंडं घरात चालत नव्हतं, ते मी ओट्याबाहेर उकडलं.

कुत्र्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

त्याला वेगळं असं कुणी कधी वाढलंच नव्हतं. आबा जेवत, शेवटची चतकोर भाकर ताटातल्या भाजीला पुसत आणि ती त्याला देत. आबांचं उष्टं, तेच त्याचं जेवण. पुढच्या शनिवारी आलो तर पातेलं तसंच आणि कुत्रा भिंतीला टेकलेला. असाच उपाशी राहिला तर संपला, हे कळत होतं.

आबांनाही त्यांच्या डॉक्टरनं मीठ कमी सांगितलं होतं. मी बोललो की ते ताट सरकवत. "अळणी खाईसन जगानं कसाले?" त्या संध्याकाळी मात्र पाटावर बसले आणि मायला म्हणाले, "तेनं पातेलं आठे लई ये. मना ताटमा वाढ."

"तुम्हले? अळणी?"

"वाढ म्हंतस ना!"

बिनमिठाचा भात-दुधी त्यांनी मुकाट खाल्ला. मधेच डोळे मिटून घेतले. शेवटचा मूठभर भात कालवून तळहात पुढं केला. कुत्रा उठला आणि त्यानं हात चाटून साफ केला.

मग हिवाळाभर दोन्ही वेळा आबांचं ताट अळणी. मी धुळ्याच्या बाजारातून कोवळे दुधी निवडून निवडून आणायचो; आबांना ही भाजी मुळात आवडतच नव्हती. मायनं एकदा चिमूटभर मीठ टाकलं तर मीच तिच्यावर ओरडलो. कुत्र्याची पाठ भरली. तो पुन्हा आबांच्या मागं शेतात जायला लागला. पथ्य बरोबरच होतं. पण थकलेली मूत्रपिंडं पथ्यानं नवी होत नाहीत.

होळीनंतर त्यानं आबांच्या हातचंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या.

रविवारची दुपार होती. तो ओट्यावर पडून होता आणि मान उचलत नव्हता. आबा अळणी ताट पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एरवी त्यांनी मला काही विचारलेलं आठवत नाही.

"आते तेले मीठ चाली का रे, भाऊ?"

मी म्हणालो, "चाली, आबा."

मायनं ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकर थापली. तव्यावरून काढली तशी तेल-मीठ लावून दिली. आबांनी तुकडा मोडला, आधी स्वतः दातानं तोडला आणि मग त्याच्या तोंडाशी धरला. तुकडा त्यानं घेतला नाही. पण जीभ बाहेर आली. आबांच्या बोटाचं तेल-मीठ तो हळूहळू चाटत राहिला.

आबा बराच वेळ हात तसाच धरून बसले.

"चाटी ऱ्हायना अजून," ते म्हणाले.

तो चाटत नव्हता.