कमालची दुसरी होडी

आखातात रास लफानला क्रेन चालवणारा कमाल स्वभावाने अगदी गरीब गाय. साइटवर कुणाला बाजूला हो म्हणतानाही आधी 'भाई' लावणार. पण त्याचा पाय होडीत पडला रे पडला, की अंगात वडील संचारत. वडील रत्नागिरीचे तांडेल. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. इंजिनाच्या धडधडीत खलाशांना ऐकू जावं म्हणून ते ओरडत, आणि पुढे घरातही तसंच बोलू लागले.

कमालची पहिली होडी उघडी आणि पळायला तेज. शुक्रवारी अल खोरच्या बंदरातून तो बायकोला, जैतूनला, घेऊन निघे. होडी हौसेची, पण हा गडी बायकोला खलाशासारखी राबवायचा. "दोरी धर! पुढे हो! नांगर टाक!" एकदा तिने नांगर टाकला. दोरीचं दुसरं टोक होडीला बांधायचं काम कमालचं, तेच राहिलं होतं. नांगर दोरीसकट तळाला गेला. आजूबाजूच्या होड्यांत ओळखीची कुटुंबं बिर्याणी खात होती. त्यांच्यादेखत कमालने बायकोची अशी खरडपट्टी काढली, की शेजारच्यांनी गाणी बंद केली.

त्यानंतर जैतून समुद्रावर आली नाही. "मना ऊन बाधतं," एवढंच म्हणाली. आणि या शहाण्याला ते खरं वाटलं!

दोन वर्षं तो एकटाच जात राहिला. मग मुलगी इकरा शिकायला पुण्याला गेली, घर सुनं झालं, आणि एकट्याने समुद्रावर जाणं त्याला नकोसं वाटू लागलं. त्याने होडी विकली. अनुभवाने आलेलं शहाणपण कागदावर उतरवलं: छप्पर हवं, मऊ गादी हवी, थंड पाण्याची सोय हवी. जैतून येणार असेल तरच दुसरी होडी घ्यायची, नाहीतर हा नाद कायमचा सोडायचा, असं त्याने मनाशी ठरवलं.

मोठ्या मिनतवारीने तो तिला होड्या विकणाऱ्या अरुणकुमारच्या आवारात घेऊन आला.

"देखिए भाभी, पूरा शेड है," अरुणकुमार म्हणाला.

जैतून खालीच उभी राहिली. "हिच्यावर नांगर कोण टाकनार?"

"मी टाकीन की. तू सावलीत बस."

"म्हंजे आता सावलीत बसून ओरडा खायचा?" ती हळू आवाजात म्हणाली. "मना ऊन कधीच बाधलं नाय. तुमी चार लोकांत ओरडलात, ते बाधलं."

कमालच्या हातातला कागद तसाच राहिला. त्याची आई जन्मभर वडिलांना पोचवायला येऊन किनाऱ्यावरूनच परत फिरली, वडिलांच्या होडीत कधी चढली नाही. आई पाण्याला भिते, असंच सगळे समजत आले होते. खरंच भीत होती का, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"चल, घरी जाऊन बोलू," असं तो म्हणणार होता. पण ओरडताना लोक होते, मग चूक कबूल करायला एकांत कशाला? तो अरुणकुमारकडे वळला.

"अरुणभाई, उस दिन रस्सी मैंने नहीं बांधी थी. गलती मेरी थी, और चिल्लाया इस पर. सबके सामने."

अरुणकुमारला काही कळलं नाही. त्याने घाईघाईने मान हलवली.

जैतूनने पदराने डोळे टिपले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि होडीवर चढण्यासाठी नवऱ्यापुढे हात केला.