शेवटच्या बांधीचं इंटरनेट

आमच्या घरात इंटरनेटचं पाणीवाटप माझ्याकडे होतं.

हसू नका. आंधळगावात तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, हे मीच ठरवत आलो. शेवटच्या बांधीला (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो) आधी पाणी, आणि चोरून घेईल त्याला उरलंसुरलं! छपरावर टॉवरकडे तोंड करून वायरलेस इंटरनेटची थाळी बसली आणि सगळं घर एकदम तिच्यावर तुटून पडलं, तेव्हा तंटे मिटवायला मी तोच कायदा लावला. या कामानं मी जेवढा थकलो, तेवढा धानाच्या रोवणीतही कधी थकलो नाही.

त्या दिवशी आमच्या लेकीची, मंजूची, नोकरीसाठी व्हिडिओवर मुलाखत होती. मिळाली तर घरूनच काम, नाहीतर ती पुण्याला जाणार. लेक गेली की मला घर खायला उठणार, हे मी जाणून होतो. कोंबड्यांचा कलकलाट नको म्हणून ती मागच्या खोलीत बसली. म्हणजे अगदी शेवटची बांधी!

मुलाखत सुरू झाली आणि आतून हाक आली. "बाबा! साहेबाचं तोंड उघडंच राह्यलं! आवाज नाही येऊन राहिला!"

मी बायकोकडे धावलो. "अवं, बंद कर ते मालिका!"

"काहून? आत्ताच तं सासू पायऱ्यांवरून पडून राहिली!"

"पडू दे! पोरीच्या बांधीत थेंब नाही!"

तिचा मोबाइल हिसकावून, बंद करून मी धान मोजायच्या पायलीत टाकला. टीव्हीची पिन उपटली. (सोबत फ्रीजचीही उपटली होती, हे संध्याकाळी दुधानं कळवलं.)

"बाबा, साहेब अजून तसेच!"

म्हणजे पाणी बांध फोडून शेजारी चाललं होतं! शेजारच्या घनश्यामला पासवर्ड मीच दिला होता, शेजारधर्म म्हणून. कुंपणावरूनच ओरडलो, "घनश्या, पाणी चोरून राहिला का बे?"

"कायले चोरू, काका? आमच्याच विहिरीचं हाय!" तो अंगणात आंघोळ करत होता. डोळ्यांत साबण असल्यामुळे कुंपणावर ठेवलेला त्याचाही मोबाइल सहज हाती लागला.

तरी साहेब हलेनात. मंजू रडकुंडीला आली. मी ओसरीवर मटकन बसलो, तर माझा खिसा बोलला, "भाऊजी, केव्हाचा आवाज देऊन राहिलो मी! किती वेळ अंधार पाहू?"

हा माझा साळा, गोसीखुर्दचा. मुलाखतीआधी भाचीला आशीर्वाद द्यायला त्यानं व्हिडिओ कॉल केला होता. बोलणं झाल्यावर फोन न कापता मी तो तसाच खिशात घातला होता. सगळ्या गावाचे बांध तपासले, आणि भगदाड माझ्याच सदऱ्याला!

फोन कापला, तसे साहेब हलले. माणूस भला, त्यानं पहिल्यापासून पुन्हा विचारलं. मंजूला नोकरी मिळाली. ती घरीच राहिली. त्या आनंदात मी माझ्या हातानं वाटप तिच्याकडे सोपवलं.

आता मला गोठ्याजवळ बसवलंय. घरातली सगळ्यात शेवटची बांधी! परवा मी मोठ्या आशेनं कायद्याची आठवण करून दिली.

"हो ना बाबा," ती म्हणाली. "पण तुमी तं पाणीचोर निघाले. चोराले उरलंसुरलं."

तलावाच्या सभेत ही शिक्षा कडक करा म्हणून मीच टेबल आपटलं होतं!